तीन वर्षांचं कारण

बुधवारी सकाळी काशिराम अंगणात जाळं शिवत बसला होता. मासेमारीच्या बंदीचे दिवस होते. होडी किनाऱ्यावर उलटी पडलेली आणि हातांना एवढंच काम. आत प्रांजल कागद लावत होती. बी.एस्सी.ची सहा गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, आधारची झेरॉक्स. एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. कागदपत्रं दाखवायची शेवटची तारीख उद्याची होती आणि एकच कागद बाकी होता. पदवीनंतर तीन वर्षं शिक्षण बंद का होतं, याचं प्रतिज्ञापत्र.

"बाबा, चला. वकीलबाई अकराला बसतात."

काशिरामनं सुई जाळ्यात खोचली, शेजारच्या ओसऱ्यांवर नजर टाकली आणि हळूच म्हणाला, "कोनी इचारलं तं शिवणक्लासात नाव घालाला चाललो सांग."

पनवेलच्या खाडीकाठी चाळीस-पन्नास घरांची ही वस्ती. काशिराम इथंच जन्मला, इथल्याच पाण्यावर त्यानं तीन पोरं वाढवली. थोरली रेवा, मधला कल्पेश, धाकटी प्रांजल. रेवा रोडपालीला एका दुकानात हिशेब बघायची. तिथल्याच एका परजातीच्या मुलाशी तिनं तीन वर्षांपूर्वी लग्न केलं आणि आठ दिवसांत गावकीनं घर वाळीत टाकलं. कोणी भांडलं नाही की दगड मारला नाही. फक्त बोलणं थांबलं. शांती, त्यांची आई, नळावर गेली की बाकीच्या बायका हंडे अर्धे टाकून उठायच्या. काशिरामच्या टोपलीतल्या मासळीला कोणी भाव विचारेना. शांती घरी येऊन चुलीशी बसायची आणि म्हणायची, "शिव्या तरी द्याच्या व्हत्या."

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका दुपारी शांतीच्या छातीत कळ आली. शेजारच्या दारात टेम्पो उभा होता. कल्पेशनं हात जोडले. टेम्पोवाल्यानं किल्ली खिशात टाकली आणि मान फिरवली. कल्पेश रिक्षासाठी मोठ्या रस्त्याकडे धावला. रिक्षा घेऊन परत येईपर्यंत दोन वाजले होते आणि शांती गेली होती.

मग दारात पाच माणसं येऊन उभी राहिली. पुढे गावकीचा अध्यक्ष कृष्णकांत.

"काशिराम, माती अडवाची आमची इच्छा नाय," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "खांदा द्याला गाव तयार हाय. पन गावाला भरवसा पायजे. रेवाचं नाव या घरात घ्याचं नाय. आनि धाकटीचं कालेज बंद. शिकल्या का पोरी हातच्या जातान."

प्रांजल आईच्या उशाशी बसली होती. एम.एस्सी.ची पहिली यादी त्याच आठवड्यात लागली होती, तिचं नाव वरून सातवं होतं. काशिरामनं बायकोकडे पाहिलं, मग कल्पेशकडे. तिरडीला चार खांदे लागतात आणि घरात पुरुष दोन. प्रांजलकडे मात्र त्यानं पाहिलं नाही.

"हो," तो म्हणाला.

तो हो म्हणाल्याबरोबर बायका रडू लागल्या. भिंतीपलीकडे गप्प बसलेल्या, तास-दीड तास सगळं ऐकत असलेल्या बायका. त्या धावत आत आल्या, शांतीच्या अंगावर पडल्या, तिचं नाव घेऊन ऊर बडवू लागल्या. कोणी हळद आणली, कोणी साडी.

रेवाला आई गेल्याचं तिसऱ्या दिवशी कळलं. कल्पेश वर्षभरात उरणला बंदरात कामाला लागला, तिकडेच खोली घेऊन राहिला. प्रांजल घरात पोरांच्या शिकवण्या घेऊ लागली. आई गेल्यापासून तिला कुणाच्या मयताला जाता येत नसे. रडण्याचा आवाज आला की ती कानांवर हात दाबायची. दुपारी दोनच्या सुमाराला दाराकडे पाठ करून बसायची. दारात पाच माणसं उभी आहेत आणि आपण वळून पाहिलं की बाबा पुन्हा हो म्हणतील, असं तिला वाटायचं. हे ती कोणाला सांगत नव्हती. यंदा पनवेलच्या रिदानं, तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणीनं, "तू भरत नाहीस ना, मग मीच भरते तुझा फॉर्म, खुदा कसम," असं म्हणून तिचा अर्ज भरला. प्रांजलनं यादी लागल्यावरच बापाला सांगितलं. त्यानं आधी दार लोटलं. मग म्हणाला, "गुपचूप कर."

तहसील कचेरीसमोर पत्र्याच्या शेडखाली अविनाश लॅपटॉप आणि प्रिंटर घेऊन बसतो. त्यानं प्रांजलचं नाव, पत्ता घेतला आणि मान वर न करता विचारलं, "कारण काय टाकू? आजारपण, की घरगुती अडचण?"

"बाकीचे काय टाकतात?"

"मुली? घरगुती अडचण. मजकूर तयारच आहे, नाव बदललं की झालं. आज सकाळपासून सहा केले."

कागद बाहेर आला. प्रांजलनं वाचला. 'घरगुती अडचणीमुळे मी स्वेच्छेने शिक्षण थांबविले.' खाली लिहिलं होतं, 'वरील मजकूर खरा आहे, असे मी शपथेवर सांगते.'

तिला तो आवाज ऐकू आला. भर गर्दीत, हॉर्नच्या गोंगाटात, एकाच वेळी रडायला लागलेल्या बायका. तिनं टेबलाची कड धरली.

"स्वेच्छेने कोणी सांगितलं तुम्हाला?"

"अहो ताई, फॉरमॅट आहे तो. कोण वाचतंय?"

"हे काढा. मी सांगते तसं लिहा."

काशिरामनं तिचं मनगट धरलं. "पोरी, नको. तोंडचं बोलनं वाऱ्यावर जातं. कागद राहतो."

"राहू दे."

"आपल्याला त्या गावात राहाचं हाय गं."

"आई राहिली का, बाबा?"

काशिरामचा हात सुटला. तो शेडमधून बाहेर गेला आणि कचेरीच्या पायरीवर रस्त्याकडे तोंड करून बसला.

प्रांजल सांगू लागली. नळ, मासळी, टेम्पो, दारात आलेली माणसं, त्यांनी घातलेली अट. अविनाश टाइप करत गेला. हळूहळू त्याची बोटं संथ झाली.

"ताई, नावंही टाकायची?"

"पाचही टाका."

"आणि अट मान्य कोणी केली?"

पायरीवरची वाकलेली पाठ तिला दिसत होती. तीन वर्षं ती याच माणसाच्या ताटात भात वाढत होती, आणि त्या एका शब्दाबद्दल तिनं त्याला कधी विचारलं नव्हतं. आजही विचारावंसं वाटलं नाही.

"ते नको," ती म्हणाली.

वकीलबाईंनी कागद दोनदा वाचला. "सही केलीस की मागे घेता येणार नाही. बहिष्कार टाकणं कायद्यानं गुन्हा आहे, माहीत आहे ना?"

"आता माहीत आहे. तेव्हा नव्हतं."

तिनं सही केली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या खिडकीवरच्या कारकुनानं पहिल्या दोन ओळी वाचून कपाळाला आठ्या घातल्या. "एवढं कशाला लिहिलंत? आम्हाला फाइलला लावायला कागद लागतो फक्त." प्रांजल तिथंच उभी राहिली. तो पुढे वाचत गेला, शेवटपर्यंत आला, पान उलटून त्यानं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग शिक्का मारला आणि प्रवेशाची पावती खिडकीतून बाहेर दिली.

गावाला कळायला आठवडा लागला. तहसिलीत कामाला आलेल्या कुणीतरी शेडखाली ऐकलं होतं. कृष्णकांत संध्याकाळी आला, ओसरीवर बसला, पाणीही मागून प्यायला.

"पोरीला सांग, घाईत चुकीचं लिवलं असा दुसरा कागद दे म्हून. नाय तं माझ्या हातात काय राहत नाय, काशिराम."

काशिराम रिकामा तांब्या उचलून आत गेला. दुसऱ्या दिवशी शिकवणीला एकही पोर आलं नाही. सतरंजी अंथरलेली तशीच राहिली.

मग बंदी उठली. एक ऑगस्टला वस्तीतल्या होड्या पाण्यात उतरल्या. होडी एकट्यानं लोटता येत नाही. दहाबारा जण लागतात, आणि इथं एकमेकांची होडी लोटायची रीत बापजाद्यांपासूनची. काशिरामनं होडीला नारळ वाहिला आणि हात टेकवून उभा राहिला. शेजारच्या होड्या एकामागून एक गेल्या. ज्यांनी शांतीला खांदा दिला होता, ते त्याच्या बाजूनं जाताना खाली बघत होते. भरती ओसरू लागली. होडी जागची हलली नाही.

प्रांजल कॉलेजातून आली तेव्हा दाराला कडी होती. समोरच्या घरातली म्हातारी शकू, जिनं त्या दुपारी सगळ्यांत मोठ्यानं ऊर बडवला होता, प्रांजलकडे न बघता, भिंतीला सांगावं तसं म्हणाली, "पोलीस ठान्यात गेलाय."

प्रांजल पळतच निघाली.

काशिराम हवालदारासमोरच्या बाकावर ताठ बसला होता. अंगात धुतलेला सदरा होता आणि मांडीवर प्रतिज्ञापत्राची झेरॉक्स. कधी काढून घेतली होती, तिला कळलंही नव्हतं. तिनं जवळ जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं तिच्याकडे वर पाहिलं, थेट डोळ्यांत.

"काका, बहिष्कार सांगितलात, ते लिहिलं," हवालदार म्हणाला. "आता पोरीचं शिक्षण कोणी थांबवलं, त्यांची नावं सांगा. सावकाश."

"पयलं माझं लिवा."

"तुमचं वर आहे. तक्रारदार म्हणून."

"तिथं नाय. हितं. ज्यांनी थांबवलं त्यांच्यात." काशिरामनं बोट कागदावर टेकवलं. "त्यांनी इचारलं, पन हो मी म्हनलो. पोर तिथंच बसली व्हती. तिला मी इचारलं नाय."

हवालदारानं प्रांजलकडे पाहिलं. तिनं बापाच्या खांद्यावरचा हात तसाच ठेवला. काशिरामचं बोट जागचं हललं नाही. हवालदारानं पेन टेकवलं आणि पहिलं नाव लिहिलं.

मग काशिरामनं उरलेली पाच नावं सांगितली. एकेक, वडिलांच्या नावासकट.