काळ्या नळीखालची बादली

मित्रांनो, मी एक जुनी बादली आहे. रंगाची म्हणून कारखान्यातून निघाले आणि सांडपाण्याची म्हणून म्हातारी झाले. माझ्या पोटाला आतून पांढरी वर्तुळे आहेत, एकाखाली एक. कानाजवळ चीर गेली आहे. सध्या गॅलरीच्या कोपऱ्यात कोरडी पडून असते. माझी कीव करू नका. मला राग आलेला आहे, आणि तो सांगितल्याशिवाय मी फुटणार नाही.

साच्यातून काढल्यावर माझ्यात वीस लिटर पांढरा रंग भरला गेला. एका रंगाऱ्याने मला या घरात आणले. रंग संपल्यावर तो मला पालथी घालून माझ्यावर चढे आणि छताचे कोपरे रंगवी. दुपारी माझ्यावरच बसून डबा खाई. जाताना मालकांना म्हणाला, "बादली मजबूत आहे, टाकू नका." ही माझी पहिली शाबासकी. दुसरीसाठी मला सहा वर्षे थांबावे लागले.

मालकांना माशांचा नाद. बाहेरच्या खोलीत भिंतभर काचेची टाकी, तिच्यात ताटलीसारखे चपटे, निळ्या रेघांचे मासे. त्यांना म्हणे मऊ पाणी लागते, आणि आमच्या नळाला क्षार फार. म्हणून मालकांनी मोरीच्या भिंतीवर आरओचे यंत्र बसवले. ते यंत्र नळाचे पाणी गाळते आणि एका बारीक पडद्यातून रेटते. पडद्यापार गेलेले पाणी शुद्ध. ते झाकणाच्या पिंपात. मागे राहिलेले, क्षारांचे ओझे घेतलेले पाणी काळ्या नळीतून माझ्यात. तिकडे एक बादली जमेपर्यंत इकडे मी चार वेळा भरायचे. काठावरून ओघळायचे आणि मोरीच्या भोकात जायचे. चार!

"ते घाण पाणी आहे, कुणी हात लावू नका," मालकांनी घरात बजावले.

घाण? ज्या नळावर ते रोज तोंड धूत, त्याच नळाचे ते पाणी. क्षार जास्त होते, प्यायला नको, हे मला मान्य. पण फरशी काय पाणी पिते? एकदा हा शब्द चिकटला की खरवडून निघत नाही. सहा वर्षे मी भरत राहिले आणि सहा वर्षांत माझ्यात एकही हात बुडाला नाही. कुणी शिव्या दिल्या असत्या तरी चालले असते. शिव्या द्यायला निदान बघावे तरी लागते.

मला सोबत मिळाली ती फक्त एका गोगलगायीची. टाकीतल्या झाडांबरोबर गोगलगायी येत. मालक त्या चिमट्याने उचलत आणि "काचा घाण करतात मेल्या," म्हणत माझ्यात टाकत. बाकीच्या वाहून गेल्या, ही एक चिकटून राहिली. माझ्या कडेचे शेवाळ खाऊन ती जगली. मालकांचा शुद्धतेचा हट्ट एव्हाना इतका वाढला होता की टाकीत नळाचा एक थेंबही जात नसे. त्यामुळे तिच्या तिथल्या बहिणींची कवचे झिजून खडूसारखी झाली होती. हिचे मात्र टणक, तपकिरी, चकचकीत. कवचाला क्षार लागतात, आणि ते माझ्याकडे पोटभर होते. दिवसाकाठी ती माझ्या पोटावरून एक फेरी मारी. तेवढाच काय तो मला स्पर्श.

मग तो उन्हाळा आला. नळ तासभरच येऊ लागला. घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशी आमच्या इमारतीचा चार मजली जिनाही पुसत. सेक्रेटरींनी त्यांना जिन्यासाठी अर्धी बादली पाणी ठरवून दिले. दुसऱ्या मजल्यावरच त्याचा चिखल होई. एके सकाळी सेक्रेटरी दारात उभे राहून म्हणाले, "मावशी, जिना पुसता की रंगवता? महिनाअखेरपर्यंत बघतो. नाहीतर दुसरी बाई."

मावशी तडक मोरीत आल्या. मी नेहमीसारखी ओसंडत होते. त्यांनी माझ्याकडे बघितले, बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात घातला. मित्रांनो, तो हात मी अजून विसरलेले नाही.

"वास नाही, काही नाही," त्या पुटपुटल्या.

"अहो मावशी, साहेब ओरडतील!" ताई, म्हणजे मालकीणबाई, स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"साहेब ऑफिसात आहेत, ताई. जिना इथे आहे."

त्यांनी मला कडीने उचलले. सहा वर्षांनी मी मोरीबाहेरचे जग पाहिले: दारे, चपला, जिन्यातली लांबट खिडकी. ओतताना त्या तळाशी चार बोटे पाणी ठेवत. "तू बस गं आत," असे गोगलगायीला सांगत. चौथ्या मजल्यावर घाम पुसत म्हणाल्या, "चांगली कामाची आहेस." मला म्हणाल्या की फडक्याला, कळले नाही. मी ते माझ्यासाठी ठेवून घेतले.

अठरा दिवस जिना आरशासारखा होता. एकोणिसाव्या दिवशी सुट्टी होती, आणि मालकांनी मावशींना दारातच गाठले.

"ते घाण पाणी जिन्यात? लोक माझ्या नावाने शंख करतील!"

मावशींनी माझ्यात हात घालून गोगलगाय काढली आणि तळहातावर त्यांच्यापुढे धरली. "ही तुम्हीच टाकलीत ना, साहेब, मरायला? बघा हिची पाठ. आता तुमच्या टाकीतली एक काढा आणि शेजारी ठेवा."

मालकांनी टाकीकडे पाहिले. स्वयंपाकघरात ताईंनी हसू दाबले, ते मालकांना ऐकू गेले. तिथेच सगळे बिनसले.

"मला शिकवू नका," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. त्याने पाणी बघितले. "साहेब, चांगलंय की हे. वॉशिंग मशीनला जोडून देऊ?"

"नको. भानगडच नको. सरळ गटारात सोड."

दहा मिनिटांचे काम. काळी नळी पाइपात खुपसली, वर पट्टी आवळली, मला पायाने बाजूला सारले. जिना पुन्हा मळला. महिनाअखेरीस सेक्रेटरींनी दुसरी बाई लावली.

"एका घरासाठी एवढ्या लांबून यायला जमत नाही, ताई," असे सांगून मावशींनी शेवटची भांडी घासली. एका डबीत पाणी घेऊन गोगलगाय तिच्यात सोडली. "चल बाई. तुझं घर गेलं, माझं काम गेलं." मग माझ्याकडे पाहून विचारले, "ही बादली नेऊ का?"

"साहेबांना विचारून सांगते हं," ताई म्हणाल्या.

साहेब बाहेरच्या खोलीतच होते. मावशी दारात बराच वेळ थांबल्या. कुणी विचारले नाही. मग त्या गेल्या.

परवा मासेवाला दुकानदार आला होता. मासे मलूल झाले आहेत. तो म्हणाला, "साहेब, पाणी अगदी कोरं आहे. थोडे क्षार यांनाही लागतात." आता मालक पुडीतली पांढरी पूड चमच्याने मोजून त्या शुद्ध पाण्यात घालतात. तेव्हा भिंतीपलीकडे गटाराचा पाइप गुळगुळत असतो आणि मी इथे बसून ऐकते, पोटाला पांढरी वर्तुळे घेऊन.

मित्रांनो, मला परत मोरीत न्या, असे मी म्हणत नाही. माझी चीर आता बुजणार नाही. पण तुमच्या घरातही अशी एखादी नळी असेल. तिच्याखाली बादली ठेवा. ते पाणी घाण आहे असे कुणी सांगितले, तर आधी सांगणाऱ्याचा हात बघा. तो कोरडा असेल.