दोन पावसाळे मुरलेली वाईन

यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, आणि बसू नये हेच बरं. बसला तर उद्यापासून आमच्या गिरीज गावाला रांग लावाल. माझी बहीण गेली, आणि तिची वाईन स्वतःच स्वतःला गाळून घ्यायला लागली!

हे मी रोवेनाच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मांडवात सांगत होतो. रोवेना माझी भाची. दोन वर्षांमागे जांभळं उतरली तेव्हा तिच्या आईनं, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीनं, रेजिनानं, लग्नाच्या टोस्टसाठी मोठी चिनी मातीची बरणी भरली. कुस्करलेली जांभळं, साखर, यीस्ट, मूठभर गहू, वर फडकं. फेस फडक्याला लागायच्या आत रेजिना गेली. साधा ताप, साधा ताप म्हणता म्हणता. रोवेना तेव्हा आयर्लंडला नर्स. तिला विमान मिळेपर्यंत आम्ही माती देऊन मोकळे झालो होतो. आईला तिनं शेवटचं पाहिलं ते माझ्या मोबाइलवर, आणि माझा हात असा हलत होता की निम्मा वेळ पोरीला चर्चचं छतच दिसलं.

लग्न पुढे गेलं. फोनवर ती दर वेळी एकच विचारायची, "मामा, आईची बरणी आहे ना रे?"

"आहे ना. मुरतेय."

"सांभाळ. तिच्या हातचं तेवढंच राहिलंय."

आता वाईन काही नुसती ठेवून होत नाही. फसफस ओसरली की चोथा पिळून काढायचा, गाळायची, गाळ खाली बसला की वरची निवळ दुसऱ्या बरणीत घ्यायची, आणि मग तोंड घट्ट बांधून विसरून जायची. या नाताळची पुढल्या नाताळला प्यावी, रेजिना म्हणायची. ज्याला घाई त्यानं सरबत प्यावं. पण त्या पावसाळ्यात बरणीला हात कोण लावणार? तिचा नवरा एरॉल स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचा. "तिनं मारलेली गाठ आहे. कोणी सोडायची नाही." रोज संध्याकाळी रोजरीची प्रार्थना झाली की बरणीपुढे मेणबत्ती लावायचा. त्याला कोण समजावणार? मीही नाही समजावलं.

तर मांडवात मी सांगत होतो, "रेजिनाला महिना झाला, चर्चमधल्या तिच्या मिस्सेवरून आम्ही घरी येतो तो काय, बरणीतला चोथा बाहेर केळीच्या आळ्यात! नीट पिळलेला. दाराला कुलूप, फडक्याची गाठ जशीच्या तशी."

"मांजरानं काढला असेल," जीना म्हणाली. जीना माझी बायको, माझ्या गोष्टींची जुनी वैरीण.

"मांजर पिळतं का गं?"

सगळे हसले. एरॉल हसला नाही.

"पुढे ऐका. गणपतीच्या सुमारास गाळ खाली बसला. मग झोपेत माणूस कूस बदलतं ना, तशी बरणी हळूच कलली, आणि निवळ शेजारच्या रिकाम्या बरणीत! थेंब सांडला नाही. रेजिनाच्या हातून तरी एखादा सांडायचा."

"आणि यंदाच्या मेमध्ये तुमच्या विहिरीकडे शिरक्याचा आंबट वास सुटला होता, तो कसला?" शेजारच्या हरेश्वरनं विचारलं.

"लग्नाचं लोणचं! तुला काय रे, नाक आहे म्हणून कुठेही खुपसायचं? तर मी बरणीला कान लावला. आत फसफस नाही, काही नाही. रेजिनाचा आवाज. 'स्टॅनी, झाकण लाव मेल्या, माश्या बसतील.'"

"हे मात्र खरं असणार," हरेश्वर म्हणाला. "मेल्यावरसुद्धा ती तुलाच ओरडणार."

मांडव पुन्हा हसला. रोवेनाही हसली, पण डोळे भरलेले. लहानपणी गोष्ट ऐकताना ती माझ्या तोंडाकडे बघत बसायची, तशीच बघत होती.

"मामा, उद्या टोस्टला सगळेच पितील," ती म्हणाली. "आज एक घोट मला एकटीला दे."

मी बाटली आणली. जीना मांडीवरच्या पदराकडे बघू लागली. रंग झकास होता, मी पेला दिव्यासमोर धरून सगळ्यांना दाखवला. रोवेनानं क्रूसाची खूण केली, घोट घेतला आणि गिळला नाही. आईनं शिकवल्यासारखा जिभेवर धरून ठेवला.

मी बोलतच राहिलो. गप्प बसलो असतो तर सगळं ऐकू आलं असतं. "काय, मुरलीय ना? दोन पावसाळे आहेत त्यात. रेजिना असती तर म्हणाली असती—"

"टोचतेय, मामा."

"जांभूळ आहे बाय, टोचणारच."

"दोन वर्षांची टोचत नाही. गोल लागते. हिची फसफस आत अजून चालू आहे." तिनं पेला तिरका करून पाहिला. "नीट निवळलेलीसुद्धा नाही. यंदाच्या जूनची आहे ही."

कोणी हसलं नाही. एरॉल पायाच्या अंगठ्यानं मांडवाची माती उकरत होता.

"ऐक तर, त्या बरणीचं असं झालं—"

"काही झालं नाही. कोणी गाळलीच नाही ती. चोथ्यावर राहिली आणि शिरका झाला तिचा." तिनं पेला खाली ठेवला नाही, दोन्ही हातांनी धरला. "खोटं बोलतोस, मामा. ही तू घातलीस. ही आई गेल्यानंतरची वाईन आहे."