एकेचाळीस हिरव्या टिकल्या

गल्लीत तिला सगळे अध्यक्षीणबाई म्हणत. ती कसलीच अध्यक्ष नव्हती. शाळेच्या कार्यालयात कारकून होती, पण भिंतीवर कुठलीही नोटीस लागली की चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी त्या गल्लीत ती एकटीच. बाकीचे तिला वाचू देत आणि मग विचारत, "काय म्हणतंय सरकार?" तिलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोला.

म्हणून नगरपालिकेची नोटीस लागली, तेव्हा तिच्या अंगात वारं शिरलं. वस्तीचा पुढच्या वीस वर्षांचा आराखडा नागरिकांनीच ठरवायचा आहे, तरी सर्वांनी शनिवारी सकाळी दहा वाजता सभागृहात यावे. ती आठवडाभर दारोदार फिरली. कुणाचे गुडघे दुखत होते, कुणाकडे पाहुणे येणार होते, कुणाला आपल्या सांगण्याने काय फरक पडतो हा नेहमीचा प्रश्न पडला होता. "मग उद्या कुरकुर करायची नाही," असं म्हणून तिने एकेकाला उंबऱ्याबाहेर काढलं.

सगळ्यात जड गेला तो घरचाच माणूस, तिचा धाकटा दीर. गल्लीच्या टोकाला, रस्ता वळतो तिथे, पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. जागा नगरपालिकेची, दुकान परवानगीचं, बावीस वर्षांचं. लग्न केलं नाही. दोन वेळचं जेवण भावाकडे, बाकी सगळा जीव त्या शेडमध्ये. वाकडं झालेलं चाक सरळ करायला बसला की रिम फिरवत, एकेक तार आवळत तासन्‌तास बसायचा, आणि समोर कोण उभं आहे याचं त्याला भान नसायचं. गल्लीतल्या पोरांची पंक्चरं तो फुकट काढायचा.

"वहिनी, मला त्यातलं काय कळतंय? तुम्ही जा की."

"भावोजी, शेडसाठीच तर या. आपण सांगितलं नाही तर दुसरा कुणीतरी सांगेल, आणि मग बसा बोंबलत."

तो आला. रॉकेलने हात घासून, धुतलेला शर्ट घालून आला.

सभागृहात टेबलावर पलंगाएवढा नकाशा पसरलेला. नगररचना कार्यालयातली अधिकारी तरुण होती, हसरी होती. तिने प्रत्येकाला तीन रंगांच्या कागदी टिकल्या वाटल्या आणि कुठली कशासाठी ते माइकवरून सांगितलं. पण माइक शिट्ट्या मारत होता, लोक खुर्च्या सरकवत होते, आणि आमच्या अध्यक्षीणबाई दाराशी उभ्या राहून उशिरा आलेल्यांना आत ढकलत होत्या. 'हिरवी' एवढं तिच्या कानावर पडलं. तेवढं तिला पुरलं.

पुरायला कारणही होतं. तीन वर्षांपूर्वी गल्लीत सांडपाण्याची नवी लाइन टाकली, तेव्हा आधी रंगाचा डबा घेऊन माणसं आली होती. ज्या पायरीवर लाल फुली ती फुटली, जिच्यावर हिरवी ती वाचली. तेव्हापासून त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं की हिरवं म्हणजे हात लावायचा नाही.

"हिरवी आपल्या शेडवर लावा," तिने रांगेतल्या एकेकाला सांगितलं. "हिरवं म्हणजे काय, माहितीये ना?"

माहीत होतं सगळ्यांना. निवृत्त ड्रायव्हरने लावली, शिवणकाम करणाऱ्या बाईने लावली, त्या बाईच्या म्हाताऱ्या सासूने लावली. अध्यक्षीणबाईंच्या नवऱ्यानेही लावली. टिकल्यांवर टिकल्या बसल्या आणि खालची शेड दिसेनाशी झाली.

शेवटी दीर पुढे झाला. "मीही लावू, वहिनी?"

"तुम्ही तर लावायलाच हवी."

त्याने अंगठ्याने ती दाबून बसवली. अधिकारी बाईंनी फोटो काढला.

दोन महिन्यांनी नोटीस लागली. तिने नेहमीसारखा चष्मा लावला. नागरिकांच्या बहुमताने, एकेचाळीस पसंती मिळाल्यामुळे, वळणावरची जागा सार्वजनिक बागेसाठी निश्चित करण्यात येत असून तेथील शेड हटवण्यात येईल. तिने ते तीनदा वाचलं. मागे कुणीतरी विचारलं, "काय म्हणतंय सरकार?" आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती कार्यालयात गेली. अधिकारी बाई वाईट असती तर बरं झालं असतं, तिच्यावर ओरडता आलं असतं. तिने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि तोच नकाशा उलगडला. कडेला स्वच्छ अक्षरात छापलेलं होतं: हिरवी टिकली, जिथे तुम्हाला मोकळी जागा, झाडं आणि बाकडी हवीत. नोटिशीची शेवटची ओळ वाचणाऱ्या बाईने नकाशाची पहिली ओळ वाचली नव्हती. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"तुमच्या गल्लीएवढा सहभाग कुठेच मिळाला नाही हो," अधिकारी बाई हळहळली. "आम्ही सगळीकडे तुमचंच उदाहरण देतो."

पण तिने वाटही दाखवली. पंधरा दिवसांनी सुनावणी होती. टिकल्या लावणाऱ्यांपैकी एकवीस जणांनी समोर येऊन सांगावं की आमचा अर्थ वेगळा होता, मग शेड राहील आणि बाग दुसरीकडे जाईल. तसं अधिकारी बाईने लेखी दिलं.

एकवीसच! अध्यक्षीणबाईंचा जीव भांड्यात पडला. चूक झाली हे तर सगळ्या गल्लीला माहीत होतं.

पुन्हा दारोदार फिरणं आलं. या वेळी सगळे घरी होते, कुणाचेही गुडघे दुखत नव्हते. फक्त बोलणं बदललं होतं.

"चूक झाली हे खरंच," ड्रायव्हर म्हणाला. "पण आम्हाला काही कळलं नव्हतं, असं चारचौघांत उभं राहून सांगायचं? हसं होईल आमचं."

"आता बाग होतेच आहे, तर होऊ द्या की," शिवणवाली म्हणाली. "सायकलवाल्या मिस्त्रींना देतील दुसरीकडे जागा."

देणार होते. ट्रक-अड्ड्याच्या मागे, जिथे सायकल घेऊन कुणी चुकूनही जात नाही. हे तिने सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं, अरेरे म्हटलं आणि 'बघू' म्हटलं. ज्यांच्या पोरांना त्याने मागून सीट धरून सायकल शिकवली, तेही बघूच म्हणाले. सहभागाचं वेड लावलं होतं ना तिने लोकांना? आता त्यांना स्वतःचं मत होतं.

सुनावणीला तीस-बत्तीस जण आले. दीर मागे भिंतीला टेकून उभा राहिला. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण बसला नाही.

"त्या जागेवर बाग नको होती, शेडच राहायला हवी होती, असं ज्यांचं म्हणणं आहे त्यांनी हात वर करा," अधिकारी बाई म्हणाली. आज माइक चांगला चालत होता.

तिचा हात पहिला वर गेला. मग शिवणवालीच्या सासूचा, सून चिमटे काढत असताना. मग गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या दूधवाल्याचा. मग एका बाईचा, अर्धवट. मागे दिराचाही वर झाला. बाकीचे हात खालीच राहिले.

शेजारी नवरा बसला होता. त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर. तिने कोपराने ढोसलं.

"अहो."

तो समोर बघत राहिला. "खिडकीतून तो पत्रा बघत म्हातारं व्हायचं का आपण?" तो पुटपुटला. हळू बोलायची सवय त्याला कधीच नव्हती; मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं. "त्याला काय मी उपाशी ठेवणार आहे? दोन वेळचं आहेच की आपल्याकडे."

"सख्खा भाऊ आहे तुमचा!"

तिला त्या क्षणी नवऱ्याची किळस आली, आणि त्याहून जास्त स्वतःची, कारण त्या भल्या माणसाला रॉकेलने हात घासायला लावून इथे आणलं होतं ते तिनेच.

अधिकारी बाई पेनाने हवेत मोजत होती. मोजून झाल्यावर ती थांबली आणि पुन्हा मोजू लागली.

"चार," ती म्हणाली. "मघाशी पाच होते ना?"

"नाही बाई, चारच," मागून दीर म्हणाला. "पाचवा माझा होता. खाली घेतला मी."

आणि तो दार लोटून बाहेर गेला.