मल्हारची राखण

सांगलीत समुद्र नाही, हे मलाही ठाऊक आहे. तरी कोर्टातल्या वकिलांच्या बाररूममध्ये पाऊल टाकलं की कुणीतरी विचारतंच, "काय मायाताई, कृष्णेत जहाज रुतलं का?" आणि स्वतःच खो खो हसतं. हसा लेको! आमची सातारा-सांगलीच्या वकिलांची सागरी कायदा समिती आहे आणि मी तिची अध्यक्ष आहे. साताऱ्याचे मानसिंगराव बांधाच्या भांडणांत मुरलेले. विश्वजित आमचा धाकटा, परदेशी पत्रं तोच लिहितो. बास, एवढेच आम्ही. शिरवळपासून जतपर्यंतची पोरं एजंटाच्या नादी लागून जहाजावर जातात आणि कुठंतरी अडकून बसतात. त्यांचं कोण बघणार? म्हणून समिती.

कोंडीबा आमच्याकडे आला तो असाच. जतकडचा मेंढपाळ, आवाज खणखणीत. उभ्याउभ्याच म्हणाला, "वकीलबाई, आमचा मल्हार घरी येत न्हाई. जहाज अटकंत हाय म्हनं. आवं, जहाजानं काय दरोडा घातला काय?"

त्याला बसवलं, चहा दिला. मालक लोकांची देणी बुडवून पळाला की कोर्ट त्याचं जहाजच धरून ठेवतं, कोंडवाड्यात जनावर धरतात तसं, असं सांगितलं. ते त्याला पटलं.

"धरा की जनावर. माझं पोरगं कशापायी धरलंय?"

तेच शोधायला आम्ही लागलो, आणि जेव्हा कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. आखातातल्या एका बंदराबाहेर जहाज नांगरलेलं. बाकीचे खलाशी एकेक करून सुटले. शेवटी कप्तान निघाला. कोर्टाला जहाजावर एक जबाबदार माणूस लागतो, म्हणून त्यानं विचारलं, मागं कोण थांबतंय? तर आमच्या या शहाण्यानं हात वर केला! का, तर त्यांच्या मेंढपाळांत दुसरा राखणदार आल्याशिवाय कळप सोडत नाहीत. कप्तान म्हणाला, लवकरच बदली पाठवतो. वर्ष होत आलं. बदली नाही, वीज नाही, गोडं पाणी कुणी होडीतून आणून देईल तेव्हा. आणि कोर्टाच्या कागदावर मल्हारचंच नाव, त्यामुळं उतरायची सोय नाही.

मग आम्ही हात धुऊन मागं लागलो. वकिलातीला पत्रं, बंदराला पत्रं, खलाशांच्या संघटनेला पत्रं. एका शनिवारी साताऱ्यात बसायचं, पुढच्या शनिवारी सांगलीत. मानसिंगराव म्हणाले, "बांध काय नि बोट काय, भांडण ताब्याचंच. ताबा घ्यायला दुसरा माणूस उभा करा, हा सुटतोय." तिथल्या एका भल्या वकिलानं आमचं म्हणणं तिथल्या कोर्टात मांडलं. कोर्टानं ऐकलं! बंदर आपला पहारेकरी देणार, मल्हारनं फक्त सही करून ताबा सोडायचा. सही मात्र कोर्टानं नेमून दिलेल्या दिवशीच हवी. दुसऱ्या दिवसापासून कोर्टाला लांबलचक सुट्टी, आणि नंतर बंदराचं मन बदललं तर सगळंच मुसळ केरात.

मी कोंडीबाला आणि त्याची बायको धोंडुबाई हिला सांगलीला बोलावून घेतलं. पेढे आणले. तिकडचा वकील होडी घेऊन जहाजावर पोचला आणि त्यानं व्हिडिओ कॉल लावला. मल्हार दिसला. गालफडं बसलेली, दाढी वाढलेली. धोंडुबाईनं तोंडाला पदर लावला.

"मल्हार, कर बाबा सही," मी म्हणाले.

"मॅडम, तो पहारेकरी कुटं हाय?"

"तो उद्या सकाळी येणार. तू आज उतरायचं."

"मग आज रातीला जहाजावर कोण?"

"कुणी नाही!"

"मग मी सही करत न्हाई."

माझं टाळकंच सटकलं. "अरे गाढवा, कधीपासून आम्ही इथं टाचा घासतोय! एका रात्रीत काय लांडगा येऊन जहाज खातोय का?" मानसिंगरावांनी समजावलं, विश्वजितनं हात जोडले. मल्हार नुसती नकाराची मान हलवत राहिला. हे असलं इमानदार पोरगं, त्याच्या दोन ठेवून द्याव्यात की त्याला पोटाशी धरावं, कळेना मला.

कोंडीबानं माझ्या हातातनं फोन घेतला.

"मल्हार, ह्यो कळप कुनाचा रं?"

"मालकाचा."

"मालक कुटं हाय?"

"पळाला."

"मग राखण कसली करतुयास? त्यो पळाला तवाच तुजी राखण फिटली."

"आबा, तुमीच म्हनायचा," मल्हारचा आवाज फाटला, "कळप टाकून आलास तर दारात उभा करनार न्हाई."

कोंडीबानं एका हातानं डोक्यावरचं पागोटं काढलं.

"म्हनलो व्हतो," तो म्हणाला. "मेंढरं राखायला शिकिवलं तुला. तूबी कुनाचं तरी कोकरू हाईस, ते सांगायचं ऱ्हाऊन गेलं माझ्याकडनं. कर सही. ये बाबा घरला."

मानसिंगराव खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी तर सरळ रडत होते, कशाला खोटं बोलू. तिकडं मल्हारनं वकिलाच्या हातून पेन घेतलं आणि सही केली. वकिलानं कागद आम्हाला दाखवला. विश्वजित टाळ्या पिटायला लागला.

धोंडुबाई उठली आणि तिनं फोन स्वतःच्या तोंडाशी नेला.

"लेकरा, उतरताना मागं वळून बघू नगंस," ती म्हणाली. "बघितलंस तर ऱ्हाशील तितंच."