घंटेवरचं दूध

फाटकातून आत येताच सरजाला दोरीवर वाळत घातलेली कुंची दिसली. हिरव्या इरकलीची, लाल काठ नेमका बाळाच्या कपाळावर येईल असा बेतलेला. ती इरकल बालसदन सांभाळणाऱ्या तुळजाबाईंची होती. बालसदनात कुणी मोठे पाहुणे आले की बाई ती नेसायच्या. लहानपणी प्रार्थनेला त्यांच्या मागे बसून सरजाने त्या काठावरून कितीदा तरी हळूच बोट फिरवलं होतं. बाईंना कळायचं, पण त्या मागे वळून बघायच्या नाहीत. आता ती इरकल फाडून कुंची शिवली होती. रत्नम्माच्या बाळासाठी.

सरजा आणि रत्नम्मा दोघी लातूरच्या या बालसदनातच वाढल्या. सरजाला कुणी आणून सोडलं ते कुणालाच माहीत नव्हतं. रत्नम्मा उदगीरच्या स्टेशनवर सापडली होती आणि तिचं नाव तिथल्या एका हमालाच्या बायकोने ठेवलं होतं. अठरा वर्षं झाली की मुलीने इथून बाहेर पडायचं, असा नियम होता. बाईंनी सरजाला रेणापूरच्या व्यंकटीला दिलं. पुढे काही वर्षांनी रत्नम्माला उदगीरच्या आडतीवर काम करणाऱ्या ग्यानोबाला दिलं.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही सगळ्यांची रीत. सरजाला दिवस गेले तेव्हा सासू धोंडाबाईंनी तिला पुन्हापुन्हा विचारलं होतं, "माहेरचं कुणी न्यायला येतंय का न्हाई?" सरजाने बाईंना निरोप धाडला. उलट निरोप आला की गेलेल्या मुलीला परत आत ठेवता येत नाही, त्यासाठी उस्मानाबादच्या कचेरीची परवानगी लागते आणि ती मिळणार नाही. मग लातूर जिल्हा वेगळा झाला, कचेरी पायी जाण्याच्या अंतरावर आली, आणि तिथल्या एका नव्या अधिकारी बाईंनी परवानगी देऊन टाकली. बालसदनातल्या कोठीच्या खोलीला चुना लावला, खाट टाकली. मुली तिला माहेरची खोली म्हणू लागल्या. त्या खोलीत आलेली पहिली लेक रत्नम्मा होती.

दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं. व्यंकटी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होता. अशात बाईंचा निरोप आला, 'सरजे, तू ये. तुझा हात चांगला आहे.' त्यातलं 'तू ये' एवढंच मनात धरून ती एसटीत बसली होती. कुंची दिसली तेव्हा निरोपाचा पुढचा भाग तिला नीट कळला. तिला कामाला बोलावलं होतं.

"आलीस का अक्का!" रत्नम्मा खाटेवरून ओरडली. "बघ, कशी राणीवानी पडून राहिले."

"दिसतंय की."

"लाडू खा. डिंकाचे हायत. बाईंनी सोता वळलेत."

"तुझ्यासाठी वळलेत. तूच खा."

"अगं, माझ्या एकटीच्यानं सरतेत व्हय? पोट फुटलं तर ग्यानोबा दुसरी करील."

सरजा हसली नाही. बाळ फडक्यात गुंडाळलेलं होतं, तांबडं, मुठी आवळून झोपलेलं. ते सुंदर नसावं असं तिला वाटत होतं. ते सुंदर होतं.

सकाळी टँकर आला की बालसदनातल्या मुली रांगेत उभ्या राहत आणि प्रत्येक जण आपल्या वाट्यातला एक तांब्या माहेरच्या खोलीबाहेरच्या हंड्यात ओतून जाई. बाईंनीच तसं ठरवलं होतं. बाळंतिणीच्या अंगावर गरम पाणी पडायला हवं, दुष्काळ असो नाहीतर काही असो. सरजा ते पाणी तापवायची, रत्नम्माची पाठ चोळायची, वरून धार धरायची. रत्नम्मा डोळे मिटून बसायची.

"हाय, कसं बरं वाटतंय."

सरजाच्या बाळंतपणात रेणापूरच्या आडाला पाणी होतं. ते अंगावर घालणारं कुणी नव्हतं. धोंडाबाईंची स्वतःची पाठ धरली होती आणि व्यंकटीला बाळंतिणीच्या न्हाणीत यायला बंदी होती. सरजाने स्वतःच वाकून घागर उचलली होती. धार धरताना तिला ते सगळं आठवायचं आणि पाणी उगीच जरा जास्त कडक व्हायचं.

"अक्का, भाजलं की गं!"

"बाळंतिणीला कडकच लागतं."

बालसदनाच्या आवारात कडुलिंबाला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. उठणं, प्रार्थना, जेवण, अभ्यास, झोप, सगळं त्या घंटेच्या टोलावर. सरजाला अजून त्या आवाजाने पोटात भूक उठायची. आली त्या दुपारी बाळ रडायला लागलं. रत्नम्मा त्याला मांडीवर घेऊन बसली, थोपटत राहिली, आणि खिडकीतून कडुलिंबाकडे बघत राहिली. बाळाचं रडणं चढत गेलं.

"पाज की," सरजा म्हणाली.

"घंटा व्हायची हाय अजून. बाई म्हनल्या, वेळेवर पाजलं की लेकरू हट्टी होत न्हाई. आपल्याला न्हाई का वाढवलं?"

तेवढ्यात बाई दारात आल्या, रत्नम्माला बघून मान हलवली आणि गेल्या. शाबासकी द्यायची त्यांची तीच पद्धत होती.

आपल्या पोरीच्या वेळी सरजानेही हेच केलं होतं. बालसदनात वीसेक तान्ही आणि दोन आया असत. भरलेल्या बाटल्या घंटेवर तोंडाला लागत, मधे कितीही रडलं तरी नाही. मूल असंच वाढतं, एवढंच त्या मुलींनी बघितलेलं. दुसरं कुठलं घर बघितलेलं नव्हतं. रेणापूरला घंटा नव्हती, म्हणून सरजा सकाळची एसटी, शाळा सुटणं, मारुतीची आरती यावर नेम धरून पाजायची. मधे पोर रडली तर दात आवळून बसायची. आपण चांगली आई आहोत, असं तिला वाटायचं. अंगावरचं दूध कमी कमी होत आटलं. मग धोंडाबाईंनी पोर उचलली आणि बोंडल्याने शेळीचं दूध पाजलं. आता नागू तीन वर्षांची होती. ती आजीच्या कुशीत झोपायची. आजीला माय म्हणायची आणि आईला, बाकीचे हाक मारतात तशी, सरजा.

पुढे व्यंकटीबरोबर खडीच्या कामावर गेल्यावर तिने बघितलं की बायका पोर रडलं की हातोडी खाली ठेवून पदराखाली घेतात. घड्याळ नाही, काही नाही. जितकं ओढलं जातं तितकं येतं, हे तिला तिथे कळलं. तोवर उशीर झाला होता.

आता एक वाक्य सांगायचं होतं. ते तिच्या जिभेवर आलंही. मग तिची नजर वाळून खुंटीवर आलेल्या कुंचीकडे गेली. मला कुणी सांगितलं होतं?

"हाव," ती म्हणाली. "होईल आता घंटा."

दुसऱ्या दिवशी बाळ अवेळी रडू लागलं तसं सरजाने त्याला उचललं. "तू पड जरा. मी फिरवून आनते."

स्वयंपाकघराच्या मागे बालसदनाच्या दोन शेळ्या बांधलेल्या असत. तिने वाटीभर दूध काढलं, कोमट केलं, आणि भिंतीच्या सावलीत बसून बोंडल्याने बाळाच्या ओठात थेंब थेंब सोडलं. ते चुटूचुटू प्यायलं. तिचं बोट मुठीत धरून ते झोपलं. नागूने कधी असं बोट धरलं होतं का, हे तिला आठवेना.

"सरजाच्या हातात काहीतरी आहे," तुळजाबाई दोन मुलींना सांगत होत्या. "तिने घेतलं की गप्प होतं."

बाईंच्या तोंडून अख्खं वाक्य, तेही दुसऱ्यांसमोर. सरजाला ते पुरवून पुरवून खावंसं वाटलं. मग ती रोजच बाळाला फिरवून आणू लागली.

बाळ घंटेला रत्नम्माकडे जायचं तेव्हा त्याचं अर्धं पोट भरलेलं असायचं. दोन घोट ओढून तोंड फिरवायचं. रत्नम्माचा भरून आलेला ऊर आधी दुखला, मग हलका पडत गेला. ती डिंकाचे लाडू जास्त खाऊ लागली, मेथ्या खाऊ लागली. चेष्टा बंद झाली.

एका दुपारी घंटेवर तिने बाळाला घेतलं तर ते रडून लाल झालं. सरजा दारात बोलली, "काय झालं?" आणि बाळ तिच्या आवाजासरशी थांबलं, मान तिकडे वळवायला बघू लागलं.

रत्नम्माने ते पाहिलं. मग हसून म्हणाली, "तूच ठेव की गं ह्याला, अक्का. तुझाच हाय त्यो."

डोळे मात्र हसत नव्हते.

हेच शब्द सरजाने धोंडाबाईंना म्हटले होते. अशाच हसत, अशाच कोरड्या डोळ्यांनी. धोंडाबाई तेव्हा हसल्या होत्या, तोंड जरा एका बाजूला ओढून, जिंकल्यासारखं. आणि आत्ता आपलं तोंड त्याच बाजूला ओढलं गेलंय, हे सरजाला कळलं.

ती बाहेर गेली. स्वयंपाकघरामागे जाऊन बोंडलं धुतलं, पालथं घातलं. परत आली नाही. दुपारची जेवणं उरकली, मुली अभ्यासाला बसल्या. संध्याकाळच्या घंटेला अजून वेळ होता तेव्हा बाळाने पुन्हा सूर धरला. रत्नम्मा थोपटत कडुलिंबाकडे बघत होती. सरजा आत आली आणि तिने रत्नम्माच्या चोळीची गाठ सोडली.

"काय करून राहिलीस?"

"पाज."

"घंटा..."

"घंटेला पोट न्हाई. पाज म्हनते ना."

तुळजाबाई आवाज ऐकून दारात आल्या. "सरजे, वेळ झालेली नाही."

"त्याची झाली, बाई."

"तुम्हा सगळ्यांना मी असंच वाढवलं."

"हाव. तुमच्याकडं वीस लेकरं होती. हिच्याकडं एक हाय." सरजाने पदराने कपाळ पुसलं. ज्या बाईंच्या एका वाक्यासाठी ती इतके दिवस इथे थांबली होती, त्यांच्याकडे बघून बोलणं तिला जमेना. ती खाटेच्या पायाशी बघत बोलली. "मी बी घंटेवरच पाजलं. माझं आटलं. हिचं बी आटून राहिलंय. आन् मी चोरून शेळीचं घालत होते त्याला. म्हनून त्यो माझ्याकडं गप होतो. हातात काय बी न्हाई माझ्या."

रत्नम्मा बोलली.

"तू माझं दूध तोडून राहिली होतीस?"

"हाव."

"का?"

सरजाने खुंटीकडे बोट केलं. कुंची तिथे होती. रत्नम्माने कुंचीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"फडकं हाय गं ते," ती म्हणाली. "मला मागायचं. दिलं असतं मी."

"तुझ्याकडनं नको होतं."

बाळ अजून रडतच होतं. बाईंनी दाराची चौकट धरली.

"मग सांगितलंस कशाला?" रत्नम्माने विचारलं. "चाललं असतं की तुझं."

"नागू मला सरजा म्हनती."

हे रत्नम्माला माहीत होतं. गेल्या पंचमीला ती रेणापूरला आली होती तेव्हा पोरीची हाक ऐकून पोट धरून हसली होती. आता ती हसली नाही. राग तोंडावर तसाच ठेवून खाटेवर जरा सरकली.

"बस. अन् नीट दाखव. नुसतं पाज पाज करू नको."

सरजा बसली. तिने बाळाचं पोट रत्नम्माच्या पोटाला लावलं, मान हाताच्या घडीत टेकवली, गालाला बोट लावून तोंड फिरवलं. बाळ एकदोनदा चुकलं, चिडलं, सुटलं. मग धरलं. रत्नम्माने दातांत ओठ धरला.

"येतंय का?"

"थोडं थोडं."

"ओढू दे. येईल."

बाळ ओढता ओढता झोपेला आलं. तेव्हा बाहेर रुळावर टोल पडले. दोघी दचकल्या. दोघींचीही पाठ एकदम ताठ झाली, रत्नम्माचा हात बाळाला उचलून दुसऱ्या अंगाला लावायला सरसावला.

"राहू दे," सरजा म्हणाली. "झोपलाय त्यो."

तुळजाबाई अजून दारातच होत्या. टोल चालूच होते. त्या आत आल्या आणि त्यांनी मागे हात करून दार लोटून घेतलं, आवाज कमी यावा म्हणून. मग भिंतीशी टेकून उभ्या राहिल्या.

सरजाने कुंचीकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुन्हा जळलं असतं, हे तिला ठाऊक होतं. तिने रत्नम्माच्या पाठीमागे उशी सारली आणि दुसऱ्या दिवशीच्या पाण्यासाठी हंडा रिकामा आहे का ते बघायला उठली.