डोक्यावर बतुकम्मा, कमरेला इंटरनेट

संपत अजून म्हणतो, "अम्मा, त्या दिवशीचा सगळा तमाशा तुझ्यामुळे." बरं बाबा, माझ्यामुळे. पण फोन माझा होता की नाही?

बतुकम्माच्या सणाचा शेवटचा दिवस, फुलांची ही गौर तळ्यात सोडायचा. तरवड आणि कुरडूची फुलं थरावर थर रचून मी गुडघ्याच्या वर जाईल एवढी बतुकम्मा केली होती. नेमकी त्याच संध्याकाळी संपतची हैदराबादच्या कंपनीची मुलाखत, लॅपटॉपवर. पोरगा वर्षभर घरी बसून. माझी जाऊ लसुमक्का येता-जाता विचारायची, "काय गं नरसव्वा, तुझा इंजिनियर अंडी उबवतोय का?" त्याचे बापू मस्कतला क्रेन चालवतात. पोराला नोकरी लागली की परत येतो, असं दरवर्षी म्हणतात. आणि दरवर्षी येतं काय, तर कुणाच्या तरी हाती पाठवलेलं ब्लँकेट आणि अत्तराची बाटली.

मुलाखत कशी द्यावी याचे व्हिडिओ बघण्यातच संपतने आपल्या फोनचा डेटा संपवून टाकला होता. मग माझा फोन घेतला, काहीतरी दाबलं आणि खिडकीत ठेवला. "अम्मा, लॅपटॉपला इंटरनेट आता ह्या फोनातून येतंय. ह्याला हात लावू नको."

ऐकलं मी. पण हा पोरगा फ्रिजलासुद्धा हात लावू नको म्हणतो! शिवाय तळ्यावर पोचलो की ह्यांचा फोन येतो, तिकडून बतुकम्मा बघायची असते त्यांना. आत संपतचं इंग्रजी सुरू झालेलं. मी फोन उचलला, निऱ्यांत खोल खोचला, बतुकम्मा डोक्यावर घेतली आणि बायकांच्या रांगेत निघाले.

गल्लीच्या तोंडाशी मागून आरोळी आली. "अम्मा, थांब!" बघते तर वर कोट-टाय, खाली लुंगी, आणि दोन्ही हातांवर ताटासारखा उघडा लॅपटॉप.

"फोन दे आधी! लांब गेलीस की बंद पडतं."

"कशी देऊ? हात वर आहेत."

"मग ठेव ना ती खाली!"

रांगेतल्या सगळ्या बायका त्याच्यावर तुटून पडल्या. डोक्यावर घेतलेली बतुकम्मा तळ्याच्या आधी खाली ठेवतात होय रे?

"मग मीच काढतो."

"हात तर लाव! निऱ्या सुटतील भर चौकात."

लसुमक्काला हसू आवरेना. "चल रे चल, तूही खेळ बतुकम्मा!"

संपत रडकुंडीला आला. "निदान हळू चाल ना, अम्मा."

"मी हळू चालले तर मागची माझ्यावर आदळेल. तूच चिकटून चल."

चालला बिचारा. पुढे डफ, मागे बायका, मध्ये लुंगीतला इंजिनियर. लॅपटॉपमधली मॅडमही अखेर इंग्रजी सोडून आपल्या तेलुगूवर आली. "संपत, तुम्हाला ही नोकरी का हवी आहे?"

ह्याचं उत्तर तो आठवडाभर आरशासमोर घोकत होता. म्हणाला घडाघडा. पण डफांपुढे तिला ऐकू जाईल तर शपथ.

"काय? परत सांगा."

त्याने परत सांगितलं. आम्ही तळ्याच्या काठाशी आलो.

"काही कळत नाहीये, संपत!"

पोरगं वैतागलं. सगळी ताकद लावून ओरडलं, "माझे बापू घरी येतील म्हणून!"

नेमके तेव्हाच डफ थांबले होते. साऱ्या गावाने ऐकलं. माझे डोळे भरून आले, पुढचं पाणीही दिसेना. तशीच वाकले, बतुकम्मा तळ्यात सोडली, आणि निऱ्यांतून फोन सटकला. डुबुक!

लॅपटॉपमधली मॅडम तोंड उघडं ठेवून थिजली.

"गेली नोकरी," म्हणत संपत ओल्या काठावरच मटकन बसला. मी मेलीने काय करून ठेवलं हे! लसुमक्का जवळ आली. आता ही काहीतरी बोलणार, असं वाटलं. पण तिने त्याच्या हातावर प्रसादाचा मलिदा ठेवला. "खा रे," म्हणाली.

दसरा उलटला आणि संपतच्या फोनवर कंपनीचं पत्र आलं. लागली नोकरी! शेवटचं उत्तर तेवढं स्वच्छ ऐकू आलं, असं मॅडमने लिहिलं होतं. मी लसुमक्काच्या गळ्यातच पडले. तेवढ्यात संपतच्याच फोनवर ह्यांचा फोन आला. बातमी माझ्याकडून दोनदा वदवून घेतली. मग म्हणाले, "तुझा तो फोन बुडाला ना, नवा घेऊन ठेवलाय मी. माझ्यासोबत काम करणारा अन्वर गावी येतोय, त्याच्या हाती पाठवतो."

"पाठवू नका," मी म्हटलं. "घेऊन या."