ओत आणि ओत्पो

या, असे जवळ सरकून बसा. चहा निवला तर पुन्हा गरम करता येईल, पण गोष्टीतून मन उठलं की ते परत बसत नाही. गोष्ट एका शब्दाची आहे, आणि ज्या बाईच्या हातून तो कापला गेला तिची. मीठमसाला लावणार नाही. देवाच्या दारी जसं बोलावं तसंच बोलेन.

किर्गिझ डोंगरांतल्या एका रस्ता कचेरीत जिपार नावाची बाई संगणकाचं काम बघायची. कचेरीत नवी यंत्रं आली, पण वर खिंडीतल्या फाटकावर मात्र तीस वर्षांचं जुनं टर्मिनल तसंच होतं, हिरव्या अक्षरांचं. तिथं कदिरकुल आके राखणीला असायचे. वडीलधाऱ्या माणसाला तिकडं आके म्हणतात. जुलैत जिपार वर गेली.

"आके, कचेरी तुम्हाला नवा पडदा द्यायला तयार आहे."

"नको गं बाई! तुमची ती शहरातली सून, पहिल्या गारठ्यात माहेरी पळेल. ही माझी म्हातारी उणे चाळिसातही जागी असते. बहिरी आहे, आपण उलट काही विचारलं तर तिला ऐकू येत नाही. पण बोलते ते खरं बोलते."

जिपार हसली. मग नव्या यंत्राचं बोलणं म्हातारीला कळावं म्हणून तिनं एक छोटा दुभाषी प्रोग्रॅम लिहिला.

रोज सकाळी कचेरीतून खिंडीला एकच शब्द जायचा. 'ओत' म्हणजे पार जा. 'ओत्पो' म्हणजे पार जाऊ नको. किर्गिझ लिपीत पहिल्याची अक्षरं दोन, दुसऱ्याची चार. म्हातारीकडं शब्दाला घरं चारच, एका अक्षराला एक. नव्या यंत्रात मात्र एकेक अक्षर दोन-दोन घरं अडवून बसायचं. म्हणजे आधी अक्षरं जुन्या मापाची करायची, मग चार घरांपुरता शब्द कापायचा. जिपारनं आधी कापलं आणि मग माप बदललं. एवढीच चूक. 'ओत' सुखरूप पोचायचा. 'ओत्पो' पाठवला तर त्याचं मागचं अर्धं गळून पडायचं, आणि उरायचं काय, तर 'ओत'.

पण जुलैत खिंड उघडी होती. तिनं 'ओत' पाठवून पाहिला, पडद्यावर 'ओत' उमटला. आकेंनी पाजलेले कुमिसचे, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे, दोन वाडगे पिऊन ती खाली आली. दुसरा शब्द तिनं पाठवूनच पाहिला नाही.

ऑक्टोबरात पहिलं बर्फ आलं. सकाळी कचेरीनं 'ओत्पो' पाठवला. आकेंनी आभाळाकडं पाहिलं, पडद्याकडं पाहिलं, पुन्हा आभाळाकडं पाहिलं, आणि फाटक उचललं. तोलोन नावाचा ट्रकवाला कोळसा घेऊन पार निघाला. पलीकडच्या उतारावर वादळानं त्याला गाठलं. तिसऱ्या दिवशी तो सापडला, ट्रकमध्येच, स्टिअरिंगवर डोकं टेकलेला.

चौकशी बसली. कचेरीच्या नोंदीत 'ओत्पो' स्पष्ट होता. म्हातारीच्या पडद्यावरचं तर पुढचा शब्द आला की पुसलं जायचं.

"आके, चष्मा होता का डोळ्यांवर?" साहेबांनी विचारलं.

"होता."

"मग?"

आकेंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "चारच असतील अक्षरं. डोळ्यांनी दोन खाल्ली असतील."

जिपार तिथंच बसली होती. 'दोन' ऐकताच ती उठली. ती कोठीत गेली, तसलंच एक जुनं टर्मिनल जोडलं आणि 'ओत्पो' पाठवला. हिरवी अक्षरं आली: ओत. पुन्हा पाठवला. ओत.

मग तिनं काय केलं असेल? दहा मिनिटांत चूक दुरुस्त केली आणि कोणाला एक शब्द सांगितला नाही. आता म्हातारी 'ओत्पो' नीट दाखवत होती, आणि आकेंच्या बाजूनं बोलणारा पुरावा उरला नव्हता. शब्द तिच्या हातून चुकून कापला गेला होता. ही दहा मिनिटं मात्र तिनं समजून-उमजून खर्च केली होती. पुढं नमाजाला उभी राहिली की ती मध्येच अडखळायची, आणि पुढचं आठवायचं नाही.

आकेंची नोकरी गेली. एकदा बाजारात जिपारनं पाहिलं, हाताएवढ्या अक्षरांची पाटी समोर असून आके दुकानदाराला विचारत होते, "चहा कोणता रे हा? वाचून सांग." ती दुसऱ्या गल्लीनं निघून गेली.

असे तीन आठवडे गेले. गुरुवारी मेलेल्याच्या घरी तेल तापवतात, बोरसोक, म्हणजे कणकेचे छोटे तुकडे, तळतात. तो वास गेलेल्या जिवापर्यंत पोचतो म्हणतात. त्या गुरुवारी जिपार तोलोनच्या घरी गेली. आके आधीच आलेले होते. त्यांच्या वयाच्या माणसाला वरच्या बाजूला, मानाच्या जागी बसवतात, पण ते दाराशी, जोड्यांजवळ बसले होते.

तोलोनची बायको बुरुल, जिला गावातली सगळी वडीलधारी माणसं सुनबाई म्हणायची, भिंतीकडं तोंड करून विलाप गाऊ लागली. तिथं दुःख रडत नाहीत, गातात. आणि त्या सुरात असं काही असतं की ऐकणाऱ्याचं काळीज आपोआप हात जोडतं. "आभाळ आडवं आलं होतं, डोंगर आडवा होता," ती गात होती, "मग वाट कोणी मोकळी केली रे, तुला जा कोण म्हणालं?"

विलापाला कोणी उत्तर देत नसतं. पण जोड्यांजवळून आवाज आला, "मी म्हणालो, सुनबाई. मी."

"नाही आके," जिपारच्या तोंडून निघालं. "मी म्हणाले."

सूर थांबला. जिपारनं जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर चार बोरसोक ओळीनं मांडले. "कचेरीतून एवढं निघालं होतं." मग दोन उचलले. "माझ्या प्रोग्रॅमनं हे कापलं. आकेंना एवढंच दिसलं."

बुरुल वळली. "तुला कधी कळलं?"

"चौकशीच्याच दिवशी, एजे," जिपार म्हणाली. एजे म्हणजे ताई.

"आणि आज सांगतेस."

आके हळूच म्हणाले, "म्हणजे मला दोनच दिसली होती?"

"दोनच होती, आके."

त्यांनी चष्मा काढला. सुटल्यासारखे दिसतील असं जिपारला वाटलं होतं, पण त्यांचा आवाज चिरका झाला. "अगं पोरी, मी कुराण वाचायचं सोडलं! वाटलं, तिथलीही अक्षरं गाळत असेन. तीन आठवडे देवाला तोंड दाखवलं नाही मी."

जिपारनं उचललेले दोन बोरसोक परत ओळीत ठेवले.

"इथं रडायला आलीस की सुटायला?" बुरुलनं विचारलं.

"माहीत नाही, एजे."

"माफी आज माझ्याकडं नाही. मागूही नकोस. उद्या त्या साहेबांपुढं हेच बोल." मग ती दाराकडं वळली. "आके, तिथून उठा. वर येऊन बसा. आज कुराण तुम्ही वाचा."

आके म्हणाले, "आभाळ तर मलाही दिसत होतं, सुनबाई. माझा वाटा माझ्याकडं राहू दे."

"राहू दे. पण वाचा."

आके वाचायला बसले. फार सावकाश वाचलं त्यांनी. जिपार बाहेर भांडी घासत होती आणि एकेक शब्द तिच्या कानावर येत होता.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळं लिहून दिलं, ती दहा मिनिटंसुद्धा. आकेंवरचा ठपका गेला, तिच्यावर चौकशी बसली. ती अजून चालू आहे. दर गुरुवारी जिपार तोलोनच्या घरी जाते. बुरुल तिला चहा देते, बोलत नाही.

उठण्याआधी एक मागणं आहे. जिपारनंच सांगितलंय, माझ्यासाठी काही मागू नका. तेव्हा आज देवापुढं बसाल तेव्हा तोलोनची आठवण काढा. त्याला पार जा म्हटलं होतं, म्हणून तो निघाला होता.